सोळाशे बैलांचं ओझं

दारव्ह्याच्या अलीकडे, जांबनाल्याच्या पुलापाशी ते धूड येऊन थांबलं तेव्हा पहिल्या दिवशी लोकांनी त्याला नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढले. तिसऱ्या दिवशी चहाची टपरी लागली, आणि रविवारपर्यंत यवतमाळची मंडळी कार काढून सहकुटुंब यायला लागली. काळीपिवळीवाले तर त्या जागेला नावच देऊन बसले. “चला, ट्रान्सफॉर्मरवाले उतरा!” असं ओरडले की चार बायका टोपल्या सावरत उतरत.

तसा ट्रान्सफॉर्मर सगळ्यांच्या ओळखीचा. गावाबाहेर दोन खांबांवर बसलेला आणि ऐन ओलिताच्या वेळी जळणारा डबा. पण हा त्या डब्याचा पणजोबा होता. नुसत्या त्याचंच वजन दोनशे टन. गुजरातेतल्या कारखान्यातून निघालेला, पलीकडच्या जिल्ह्यातल्या नव्या वीज उपकेंद्राला जायचा, आणि वाटेवर त्याला आज सत्तेचाळिसावा दिवस. त्याच्या पोटाखाली अठरा एक्सलचा लांबलचक ट्रेलर, पुढून ओढायला एक इंजिन, मागून रेटायला दुसरं. शाळेच्या गुरुजींनी पोरांना चाकं मोजायला आणलं होतं. कुणाची एकशे अडतीस भरली, कुणाची दीडशे. खरी एकशे चव्वेचाळीस. आणि वेग असा, की लग्नाची वरातही “बाजूला व्हा” म्हणून पुढे निघून जावी.

या लवाजम्यात पंधरा माणसं होती. साहेब, ड्रायव्हर, हायड्रॉलिकवाला, चाकांसोबत चालणारे, झेंडी दाखवणारे. पंधरांत सगळ्यात शेवटचं नाव नेमसिंग आडे, वय अठ्ठावन्न, हुद्दा वायरवाला. शेवटचं नाव असलं तरी बसायची जागा सगळ्यात वर. ट्रान्सफॉर्मरच्या टाळक्यावर मांडी घालून, हातात पिवळी फायबरची लांब काठी घेऊन तो बसे. रस्त्यावर आडवी वायर आली की काठीच्या टोकाने ती अलगद उचलायची, धूड खालून सरकेपर्यंत तोलून धरायची आणि मागे नेऊन हळूच सोडायची. मोठ्या लाईनी वीज कंपनीवाले येऊन बंद करत. घराघरांच्या बारीकसारीक वायरी नेमसिंगच्या.

तीस वर्षं हेच काम. त्यामुळे नेमसिंगनं अर्धा देश पाहिला होता, पण वरून. गावाचं नाव सांगितलं तर त्याला आठवत नसे. गच्च्या सांगितल्या की आठवे. “ते नाई का, जिथं एका गच्चीवर मोठं विमान बांधलं हाय पाण्याच्या टाकीचं, आन् बाजूच्या घरी पापड वाळत राह्यते,” असा त्याचा पत्ता. वायरींवरून वस्तीही त्याला कळे. साहेबलोकांच्या कॉलनीत वायरी ताठ, इस्त्री केल्यासारख्या. काही ठिकाणी तर दिसतच नाहीत, जमिनीतून गेलेल्या. मग हळूहळू त्या लोंबायला लागतात, त्यांना गाठी पडतात, गाठींना प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळलेल्या दिसतात, आणि शेवटी नुसते आकडे. तिथे काठी लावली की खालून हमखास शिवी येई, कारण कुणाचा तरी पंखा बंद पडलेला असे. “ज्याची वायर बारीक, त्याचा आवाज मोठा,” नेमसिंग हसून म्हणे. आणि ती बारीक वायर तो सगळ्यात जपून उचले, कारण त्याच्या स्वतःच्या घरची तशीच होती.

ते घर या पुलापासून दोन किलोमीटरवर होतं. जांबनाल्याच्या पलीकडे, तांड्यात.

तीस वर्षांत एकही धूड त्याच्या घराच्या वाटेनं गेलं नव्हतं. हे आलं, आणि दारात येऊन अडकलं.

अडकायचं कारण पूल. बांधकाम खात्याच्या इंजिनियर प्राची मॅडम आल्या, पुलाखाली वाकून पाहिलं, कागद चाळले आणि म्हणाल्या, “एसटी जाते ती जाऊ द्या. याला मी सही देणार नाही.” त्या बोलल्या ते खरंच होतं, पूल बांधला तेव्हा असलं ओझं कुणाच्या स्वप्नात आलं नव्हतं. मग राहिला एकच उपाय. पुलाच्या बाजूने, नाल्याच्या पात्रातून मुरुमाचा रस्ता करायचा.

हे काम श्रेयससाहेबांकडे. कंपनीचा रस्ता बघणारा इंजिनियर, वय सत्तावीस, अस्सल यवतमाळचा. आजोबा कोर्टात होते, वडील श्रीकृष्णराव कलेक्टर कचेरीत. घरात तीन पिढ्यांत कुणी फायलीपेक्षा जड काही उचललं नव्हतं. हा मात्र दोनशे टनांच्या मागे लागला होता. पोरगा कामाचा होता, हुशारही. फक्त त्याला जांबनाल्याची काळी माती माहीत नव्हती. त्यानं पुलाच्या डाव्या अंगाला जेसीबी उतरवला आणि जेसीबी कमरेपर्यंत खाली बसला. त्याला काढायला दुसरा आणला. टपरीवाल्याचा त्या दिवशीचा धंदा विचारू नका.

तेव्हाच नेमसिंग वरून म्हणाला होता, “साहेब, या नाल्यात कुठीतरी दगड हाय. मोठा, सपाट. जुनी वाट व्हती तठून.”

श्रेयसनं मान वर केली. उन्हानं डोळे बारीक झाले होते. “नेमसिंग, तुम्ही वायरीचं बघा ना. खालचं मी बघतो.”

नेमसिंगनं वायरीचं बघितलं. वायर काही नव्हती, तरी बघितलं.

खालचं बघता बघता शुक्रवार आला. उजव्या अंगालाही तीच काळी माती निघाली. आणि धरणावरून निरोप आला, की सोमवारी सकाळी रब्बीचं पाणी सोडणार. एकदा सुटलं की जांबनाला दोन महिने वाहता. म्हणजे दोन महिने हे धूड इथंच, पंधरा माणसं इथंच, आणि काळीपिवळीवाल्यांचा ‘ट्रान्सफॉर्मर’ कायमचा. त्या संध्याकाळी श्रेयस मागच्या चाकाला टेकून बसला होता. चेहरा चहात पडलेल्या बिस्किटासारखा.

“काका,” तो म्हणाला. नेमसिंगच्या हे लगेच ध्यानात आलं. सत्तेचाळीस दिवसांत आज पहिल्यांदा काका. “तो दगड कुठंय म्हणालात?”

“मले नाई माहीत.”

“अहो, मग?”

“माझ्या मायले माहीत हाय.”

“मग विचारा ना आईला! दोन किलोमीटरवर घर आहे तुमचं, रोज जेवायला जाता!”

नेमसिंगनं डोक्यावरचं हेल्मेट काढलं, केस खाजवले, पुन्हा घातलं. “तेच तं, साहेब.”

तेच तं म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं.

नेमसिंगची आई चंदाबाई, वय चौऱ्याऐंशी. हातात अजून कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, डोक्यावर आरशांची ओढणी. तिच्या माहेरचे पूर्वज लदेणीचे. लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून देशभर मीठ आणि धान्य पोचवणारा तांडा. चंदाबाईच्या खापरपणजोबाकडे नऊशे बैल होते. नेमसिंग लहान असताना ते सहाशे होते. दर दिवाळीला तिच्या सांगण्यात थोडे वाढत गेले. आगगाडी आली आणि मीठ लोखंडावरून धावायला लागलं. मग लॉरी आली. नऊशेचे दोन राहिले. तेच दोन बैल चंदाबाईच्या दावणीला होते, आणि एकोणचाळीस वर्षांपूर्वी, ती लेकीच्या बाळंतपणासाठी उमरखेडला गेली असताना, एकोणीस वर्षांच्या नेमसिंगनं ते दारव्ह्याच्या बाजारात विकले आणि ट्रकवर क्लिनर म्हणून निघून गेला.

चंदाबाई परत आली, रिकामी दावण पाहिली आणि काही बोलली नाही. आदळआपट केली असती तर निभलं असतं. तिनं दुसरंच केलं. त्या दिवसापासून मुलाच्या मोटारीबद्दल एक शब्द विचारला नाही. जेवला का, तब्येत कशी, नातवाची शाळा काय म्हणते, सगळं विचारी. पण तो कुठं जातो, कशावर बसतो, काय नेतो, हे एकोणचाळीस वर्षांत एकदाही नाही. आणि बैल नसलेली ती दावण रोज सकाळी झाडून काढी. आत्ताही अख्खा तालुका ते धूड बघून गेला होता. चंदाबाई दोन किलोमीटर चालून आली नव्हती.

अशा बाईकडे त्याच मोटारीसाठी मागायला जायचं होतं.

शनिवारी सकाळी ती अंगणात तूर पाखडत होती. मायलेक आपसात गोरबोलीतच, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेतच, बोलत. इथं ते वऱ्हाडीत दिलं आहे.

“याडी,” नेमसिंग म्हणाला. म्हणजे आई.

“जेवला का?”

“जेवलो. एक काम व्हतं.”

“मोटारीचं असन तं मले नोको सांगू.”

“मोटारीचं नाई. दगडाचं हाय.”

सूप थांबलं. “कोन्ता दगड?”

“नाल्यातला. जठून संगीता सासरी गेली.”

चंदाबाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही, टेकड्यांकडे पाहिलं. तांड्यामागे दोन टेकड्या आहेत, एक थोडी बुटकी. तांड्यात त्यांना ‘दोन भाऊ’ म्हणतात. संगीता, नेमसिंगची बहीण, ही बैलाच्या पाठीवर उभी राहून, रडत, ढावलो म्हणजे नवरीचं निरोपाचं गाणं गात या तांड्यातून गेलेली शेवटची नवरी. तिच्या मागच्या साऱ्या पोरी जीपमधून गेल्या, पुलावरून. आणि संगीता ज्या बैलावर उभी होती, तो विकलेल्या जोडीतलाच.

“आठोते तुले?” चंदाबाईनं विचारलं.

“बैल आठोते. दगड नाई आठवत. बाभळी वाढल्या, गाळ भरला. कोनाले नाई सांगता येत.”

“कायले पायजे?”

आता खरं बोलण्यावाचून इलाज नव्हता. “ओझं पार न्यायचं हाय.”

सूप पुन्हा हलायला लागलं, भुसा उडायला लागला. मग सूप बाजूला ठेवून ती उठली. “दाखवतो मी. पन ओझ्याच्या म्होरं बैल चालन. लदेणीत ओझं कधी म्होरं चालत नसते. तुह्या साहेबाले विचारून घे.”

साहेब या वेळी हत्ती म्हटलं असतं तरी हो म्हणाला असता.

पण बैल? तांड्यात पाच ट्रॅक्टर, अकरा मोटरसायकली, बैलजोडी एकच, बादलची. बादल चाळिशीचा, जिभेला हाड नसलेला माणूस. त्यानं आपला थोरला बैल आणला खरा, पण चंदाबाई त्यावर बसणार म्हटल्यावर घाबरला.

“काकी, पडशीन ना! त्या जेसीबीच्या बकेटात बस, मस्त वरून दिसते.”

“त्या लोखंडाच्या सुपात तुह्या बायकोले बसव,” काकी म्हणाली.

दोघांनी धरून तिला बैलावर बसवलं. नाल्याच्या अलीकडच्या काठाने, बाभळींच्या बाजूबाजूने बैल चालायला लागला. तोंड तांड्याकडे करून चंदाबाई तोंडातल्या तोंडात ढावलो गायला लागली. आवाज थकलेला, पण चाल पक्की. मागून श्रेयस, कानाशी फोन, दुसऱ्या हातात नकाशा.

“काय म्हणतायत त्या?” त्यानं नेमसिंगला विचारलं.

“पोरगी म्हनते, मले पोचवाले दोन भाऊ आले व्हते. आता एकच दिसते. धाकटा थोरल्याच्या आड गेला, मले रडताना दिसू नये म्हनून.”

श्रेयसनं टेकड्यांकडे पाहिलं. दोन होत्या, मधे आभाळाची चांगली रुंद फट. बैल दहा पावलं गेला. फट अरुंद झाली. आणखी वीस पावलं. बुटकी टेकडी मोठीच्या कुशीत शिरायला लागली. श्रेयसनं फोन खिशात टाकला. नकाशाची घडी घातली. आता तोही टेकड्यांकडेच बघत चालला होता. बैलाच्या घुंगरांचा आवाज तेवढा होत होता. मग ती फट मिटली. धाकटा भाऊ पुरता आड गेला, आणि आभाळाखाली एकच टेकडी उरली.

“हा,” चंदाबाई म्हणाली. “अठून सरळ.”

जेसीबीनं बाभळी बाजूला केल्या, गाळात बकेट घातलं. एक फूट माती. दोन फूट. मग ‘खर्रर्र’ असा आवाज झाला, दातांवर काटा येईल असा. पुढच्या इंजिनाचा ड्रायव्हर कपिल टपरीवरून चहाचा ग्लास घेऊनच पळत आला. दुपारपर्यंत सगळा गाळ उपसला आणि नाल्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत काळ्या दगडाची एक अखंड पाठ उघडी पडली, ट्रेलरच्या दुप्पट रुंद. बादलनं पाण्याच्या चार बादल्या ओतून ती धुतली.

दगडावर खळगे होते. शेकडो. हाताच्या ओंजळीएवढे, कडा गुळगुळीत, दोन-दोनच्या ओळीत त्या काठाकडे गेलेले. श्रेयस गुडघ्यावर बसला आणि त्यानं एका खळग्यात हात घातला. खूर मावेल एवढाच होता तो. काळा पत्थर, ज्याला तोडायला मशीनचा दात झिजतो, तो कुणी सुरुंगानं फोडला नव्हता, छिन्नीनं कोरला नव्हता. नुसते बैल त्याच्यावरून गेले होते. मीठ घेऊन गेले होते, धान्य घेऊन आले होते, एवढी वर्षं की दगडानंच त्यांच्यासाठी जागा केली. श्रेयसनं हात लवकर काढला नाही. त्याच्या घराण्यातल्या सगळ्या फायली एकावर एक ठेवल्या तरी या एका खळग्याएवढं काही उमटलं नसतं, असं त्याच्या मनात आलं असावं. निदान चेहरा तसा होता.

चंदाबाई बैलावरूनच म्हणाली, “मी दिवाळीले आकडा वाढवत व्हती म्हनून हासत व्हते ना सारे.”

तिचे दिवाळीचे नऊशेही कमीच पडले होते.

रात्रंदिवस मुरुम पडला, पाइप पडले, आणि रविवारी दुपारी धूड हललं.

पुढे बादलचा थोरला बैल. पाठीवर दोन रिकाम्या गोण्या, चंदाबाईनं स्वतःच्या हातानं घातलेल्या, गळ्यात घुंगूरमाळ. दोरी बादलच्या हातात. त्याच्यामागे इंजिन, त्यामागे एकशे चव्वेचाळीस चाकांचं दोनशे टन, त्यामागे दुसरं इंजिन. बैलाच्या पावलानं सगळं चाललं होतं. बैल थांबला की कपिल ब्रेक मारी. मधे बैलानं शेपूट वर करून निवांत शेण टाकलं, तेव्हा पाचशे माणसांसकट गुजरातच्या कारखान्याचा माल उभा राहिला आणि कुणीही हॉर्न वाजवला नाही.

वर नेमसिंग बसला होता. वायर नव्हती, पण काठी त्यानं घट्ट धरली होती. हे ओझं कललं तर तो पहिला जाणार होता, आणि वरून त्याला आईचं डोकं दिसत होतं, पलीकडच्या काठावर, आरशांच्या ओढणीत. तिच्या शब्दावर हे सगळं दगडावर आलं होतं. पुढची चाकं मधोमध आली तसा ट्रेलर कण्हला. एका बाजूनं मुरुम फुटून खाली गेला. लोकांतून “आई गं” असा एकच आवाज निघाला. हायड्रॉलिकवाल्यानं ती बाजू चार बोटं उचलली. खालचा दगड तसूभर हलला नाही. बैल चालतच होता.

पलीकडच्या काठावर शेवटचं चाक चढलं, तेव्हा टाळ्या वाजल्या, शिट्ट्या झाल्या, आणि टपरीवाला एकटाच गंभीर दिसत होता. कपिलनं इंजिन बंद केलं. त्या शांततेत चंदाबाई काठी टेकत ट्रेलरपाशी आली. चाकाला हात लावला. मग पोलादाला. तिची मान वर होत होत पाठीला टेकायला आली, तेव्हा कुठे तिला मुलगा दिसला.

“नेम्या.”

“काय याडी?”

“हे किती बैलांचं ओझं हाय?”

त्याच्या मोटारीबद्दल एकोणचाळीस वर्षांतला तो पहिला प्रश्न होता. नेमसिंगला आकडा आठवायला लागला नाही.

“सोळाशे.”

श्रेयसनं सवयीनं फोन काढला. “एका बैलावर किती असायचं, आजी?”

“दोन गोण्या. सव्वा क्विंटल धर.”

त्यानं हिशेब केला. सोळाशेच आले. “काका, तुम्ही आत्ता कसं...”

“आत्ता नाई, साहेब.” नेमसिंग वरूनच बोलला, कुणाकडे न पाहता. “गुजरातेत लादलं त्याच दिशी केलतं. याच्या आंधीचा बॉयलर हजार बैलांचा व्हता. त्याच्या आंधीचा पुलाचा गर्डर साडेसातशे. तीस सालांपासून जेवढं वाह्यलं ना, सारं माहीत हाय. सांगाले कोनी नोयतं.”

ओढणीचं टोक चंदाबाईनं दोनदा डोळ्यांकडे नेलं. धूळ फार उडाली होती हे खरं. मग तिनं मुलाच्या हातातल्या पिवळ्या काठीकडे बोट केलं.

“आन् ते कायले?”

“वायर उचलाले.”

“बस, एवढंच?”

“एवढंच.”

“हं,” म्हातारी म्हणाली. “नऊशे बैलांच्या नायकाच्या हाती बी काठीच राहे.” आणि ती वळून बैलाच्या गोण्या सोडायला गेली.

तिथून डांबरी सडकेला लागायची वाट तांड्याच्या कडेनं होती. धूड पुन्हा निघालं. तांड्यातल्या बायका दारांत, पोरं कौलांवर. शेवटच्या खांबावरून एक वायर वाटेवर आडवी आली होती. बारीक, तीन गाठींची, गाठींना निळी पिशवी. नेमसिंगनं ती लांबूनच ओळखली. त्यानं काठी पुढे केली, वायर टोकावर घेतली आणि सोळाशे बैल खालून जाईपर्यंत हातातल्या अंड्यासारखी धरून ठेवली.

“नेम्या!” खालून, बैलाच्या मागून चालता चालता चंदाबाई ओरडली. “सांभाळून रे! माह्या पंख्याची हाय ते!”